दुकान इन्शिराहचे, आणि त्यात जोड कसा व्हावा

परमेश्वराच्या नावाने. मी शुकरी बद्रान, राहणार सुएझ, अरबईन मोहल्ला, धंदा मोटारींच्या वायरिंगचा. हृदयाबद्दल डॉक्टर जे बोलले ते सगळे ऐकून, घरी येऊन, चहा पिऊन, कोणाच्याही दडपणाशिवाय पुढील व्यवस्था करून ठेवीत आहे. हृदय थकले आहे, डोके नाही.

पहिले. पत्नी निअमत माझ्याआधी गेली. मागे मुलगी इन्शिराह आणि धाकटा भाऊ फिक्री, एवढेच वारस. राहते घर आणि गावाकडची खजुराची बाग शरियतीप्रमाणे दोघांत निम्मी-निम्मी व्हावी. फिक्रीच्या त्या हक्काला मी हात लावलेला नाही.

दुसरे. दुकान मात्र हत्यारांसकट संपूर्ण इन्शिराहचे. मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत मला हवे त्याला, अगदी वारसालाही, देण्याची मुभा आमचा कायदा देतो आणि दुकान त्या मर्यादेत बसते. फिक्रीची संमती लागत नाही. त्याला तिथे स्पीकरचे गोदाम करायचे आहे. ते होणार नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला मुलीने फूस लावली.

समोरच्या फुटपाथवर फिक्री गाड्यांना दिवे आणि स्पीकर लावून देतो. वायर सोलायची, पिळायची, वर काळी टेप, झाले. गेल्या ऑगस्टमध्ये, त्यानेच दिवे लावून दिलेल्या अरफाच्या मायक्रोबसमधून सोखनाच्या रस्त्यावर धूर निघाला, आत माणसे भरलेली. वाळू टाकून विझवावे लागले. गाडी ओढत आमच्या दारात आणली. इन्शिराहने डॅशबोर्ड उघडला तर टेपचा डिंक उन्हाने पाघळलेला, पीळ सुटलेला, उघडी तार पत्र्याला टेकलेली. आणि मध्ये फ्यूज नाही.

फिक्री म्हणाला, "टेप चिनी निघाली, त्याला मी काय करू?"

"काका, टेपच्या नावाने खडे फोडू नका," ती मान वर न करता म्हणाली. "ती झाकायला असते, धरायला नसते."

"दादा, पोरीला आवर. बाईमाणसाच्या हाती दुकान देऊन बसलास, लोक हसतात."

अरफा पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "हसू देत की. मी उस्ताकडेच येणार." उस्ता म्हणजे हातखंडा कारागीर; आयुष्यभर ही हाक मला होती. त्या दिवशी ती तिला होती, आणि मला बरे वाटले.

तिसरे. दुकान असे चालावे. कामाआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. वायर सोलताना आतली एकही बारीक तार तुटू नये. तुटली तर कापून पुन्हा सोलावी. उष्णतेने आकसणारी नळी जोड करण्याआधी वायरीत ओवावी, मागाहून ती जात नाही. वायरीच्या जाडीचे धातूचे नळकांडे घेऊन, दोन्ही टोके त्यात घालून पकडीने दाबावे आणि जोड ओढून पाहावा. सुटला तर बरेच झाले, रस्त्यावर सुटला नाही. टिकला तर नळी त्यावर सरकवून गरम करावी. दोन वायरींचे जोड शेजारी-शेजारी येऊ देऊ नयेत, आणि सगळे बांधून ठेवावे, कारण गाडी थरथरते. नव्या वायरीला बॅटरीजवळच फ्यूज हवा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना जोड नाही. गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

चौथे. फिक्रीला हे शिकायचे असेल तर इन्शिराहने शिकवावे. काका म्हणून चहा द्यावा, पण गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावण्याआधी दहा जोड करून, ओढून दाखवायला लावावेत.

पाचवे. इथवरचा कागद मी काल फिक्रीला वाचून दाखवला. तो म्हणाला, "तू गेल्यावर बघू, दादा." 'गेल्यावर' या शब्दावर मी विचार केला. मी गेल्यावर त्याने दारात उभे राहायचे आणि तिने कागद दाखवत बसायचे, हे मला मान्य नाही. म्हणून दुकान आज सकाळीच तिच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले, किल्ली तिच्या हातात दिली. दुसरे कलम त्याला जोडून, दुहेरी बंदोबस्त म्हणून राहू द्यावे. उद्यापासून मी तिच्या दुकानात कामाला जाईन. मला उशीर झाला तर तिने रागे भरावे.

साक्षीदार: अरफा अबू तालिब, मायक्रोबस चालक (सही)
साक्षीदार: वजीह संदूबी, शेजारी, टायरवाला (सही)

लिहून देणार: शुकरी बद्रान (सही)
सुएझ, ३ नोव्हेंबर २०१९