वीतभर राहिलेला चेंडू

मासाला, एन्डोला
दि. ९ फेब्रुवारी

ती. जेरे आजोबांना, मपालोचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी ब्राइटवेल कसोंडेंची नात, म्हणजे तुमच्या भाषेत माकडखाऊंची नात. आजोबा नेहमी म्हणतात की न्गोनी माणसाला पत्र लिहायचं तर आधी एक टोमणा मार, नाहीतर त्याला वाटेल कोणा परक्यानं लिहिलंय. आम्ही बेम्बा, तुम्ही न्गोनी, या दोन जमाती म्हणजे थट्टेचे भाऊ, एकमेकांना चिडवायचा हक्कच. म्हणून विचारते, यंदा तुमच्याकडे उंदीर कसे आहेत? शिजवण्याइतके लठ्ठ झाले का?

आता कामाचं. मी क्लबच्या ऑफिसात टायपिंग करते आणि गोल्फचं मला वेड आहे. मे महिन्यात झांबिया ओपन स्पर्धा आमच्या मैदानावर आहे, आणि ओपनच्या इतिहासाची स्मरणिका लिहायचं काम चक्क मला मिळालंय! रोज जुनी कात्रणं आणि निकालांचे तक्ते उपसते. कोण कधी जिंकलं, युरोपातला हिवाळा टाळायला कोण कोण आलं, कुठल्या वर्षी तांब्याचा भाव पडून खाणींनी पैसे दिले नाहीत म्हणून सामनाच झाला नाही, सगळं पाठ झालंय.

आणि काल एका तक्त्यात आजोबांचं नाव दिसलं! चोवीस वर्षांपूर्वीचा. शेवटच्या दिवशी अठरापैकी सतरा भोकं झाल्यावर सगळ्यांच्या पुढे, दोन फटक्यांनी. मी तर आजोबांना जन्मभर त्या मैदानावर फक्त गवत कापताना पाहिलंय. पुढे लाल शाईत लिहिलंय, बाद. आणि कॅडीच्या रकान्यात तुमचं नाव.

आजोबांना विचारलं तर म्हणाले, कोंबड्या कोंडायच्यात, आणि उठून गेले. भर दुपारी! म्हणून क्लबच्या जुन्या वहीतून तुमच्या गावच्या शाळेचा पत्ता काढून तुम्हाला विचारते. काय झालं होतं?

कळावं. न पाहिलेल्या नातीवर लोभ जडू द्या.
आपली,
मपालो

चिपाटाजवळ, शाळेच्या पत्त्यावर
दि. २७ फेब्रुवारी

चि. मपालो हिस लेव्हिसन जेरेचे अ. उ. आशीर्वाद.

उंदीर लठ्ठ आहेत, पण बेम्बांना शेपूटसुद्धा मिळणार नाही. तुझ्या आजाला सांग, माकडं संपली असतील तर उपाशी राहा.

तुझं पत्र मास्तरांनी दिलं, आणि मी ते आंब्याखाली बसून तीनदा वाचलं. ब्राइटवेलचं नाव कागदावर बघून किती वर्षं झाली. तो जिवंत आहे हेसुद्धा मला तुझ्याकडूनच कळतंय.

तुला इतिहास पाहिजे ना, तर हे लिही. आम्ही दोघं तिथं कॅडी होतो, मेंबरांच्या स्टिका वाहायचो. सोमवारी मैदान बंद, तेव्हा आम्हाला खेळू द्यायचे. आठ जणांत तीन स्टिका. चेंडू भोकापासून वीतभर राहिला तर कोणी तो ढकलत बसायचं नाही. समोरचाच उचलून फेकायचा, जा, दिला तुला! म्हणजे आत गेल्यात जमा. आणि वर एक शिवी. ब्राइटवेल आमच्यातला सगळ्यात चांगला. ओपनला कॅडींमधून खेळायला घेतलेला तो पहिलाच. मैदानातली ती घराएवढी वारुळं आहेत ना अजून? त्यांच्यावर अख्खा मासाला चढून बसला होता. बायका कमरेला गुंडाळायचे रंगीत चितेंगे हलवत होत्या.

बाद का झाला ते मला आठवत नाही. वय झालं.

त्याची तब्येत कशी आहे? माझं नाव काढतो का कधी?
जेरेची आठवण राहू दे.

मासाला, एन्डोला
दि. १० मार्च

ती. जेरे आजोबांना सा. न. वि. वि.

तुम्हाला चितेंगे आठवतात आणि हे आठवत नाही? असं कसं? मला मात्र कळलंय. क्लबचे जुने मेंबर हसत हसत सांगतात: शेवटच्या भोकाला चेंडू वीतभर राहिला होता आणि या पठ्ठ्यानं आत न घालताच हातानं उचलला! सोमवारचं चालतं ते ओपनला चालत नाही, एवढं पण ठाऊक नव्हतं म्हणे. स्मरणिकेत तसंच एक गमतीचं वाक्य टाक असं सेक्रेटरींनी सांगितलंय.

वस्तीत आजोबांना सगळे वीतभर म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, बुटके आहेत म्हणून. आता ते ऐकलं की मी रस्ता बदलते. ज्या माणसाला नियमाचं पुस्तक पाठ आहे, जो मला रेडिओवरच्या सामन्यातल्या चुका काढून दाखवतो, तो असं करेल? मला नाही पटत.

तब्येत बरी नाही हो. डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय. चार पावलं टाकली की धाप लागते, पाय सुजतात. गेल्या महिनाभरात एकदाच पोटभर हसले, तुमचं उंदराच्या शेपटीचं वाचून दाखवलं तेव्हा. म्हणाले की तो अजून कंजूषच आहे. तुमचं नाव काढतात का विचारलंत. रोज नाही, पण उशीखाली तुमचं पत्र आहे.

या ना एकदा. बसनं दोन दिवस तर लागतात.
लोभ वाढवावा ही विनंती.
मपालो

चिपाटाजवळ
दि. २४ मार्च

चि. मपालो हिस अ. उ. आ.

मला सगळं आठवतं, पोरी. चेंडू मी उचलला.

ब्राइटवेलनं लांबून मारलेला तो चेंडू भोकाशी येऊन वीतभर अंतरावर थांबला. वारुळांवरून आरोळी उठली. मला काही सुचेना. मी धावलो, चेंडू उचलला आणि त्याच्याकडे फेकला, जा रे माकडा, दिला तुला! सोमवारसारखं. त्याचं तोंड मला अजून दिसतं. तो काहीतरी ओरडत होता, पण माणसं वारुळांवरून खाली लोटली होती, त्याला खांद्यावर घेऊन पंचांच्या तंबूकडे निघालीसुद्धा. कॅडीनं उचलला तर एका फटक्याचा दंड. चेंडू परत ठेवून आत ढकलला असता तरी तो एका फटक्यानं जिंकत होता. पण हिरवळ सोडायच्या आधी ते करायचं असतं, नाहीतर बाद.

तंबूत पंचांनी विचारलं, चेंडू कोणी उचलला. गर्दीत त्यांना ते दिसलं नव्हतं. मी दाराशीच होतो. माझा कॅडीचा बिल्ला, म्हणजे पोटापाण्याचं कामच, गेलं असतं, आणि घरी आठ दिवसांचं मूल होतं. ब्राइटवेलनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, मी उचलला, मला वाटलं चालतं.

मी गप्प बसलो. लोक हसले, मी तरी गप्प बसलो. दोन महिन्यांत तो बिल्ला मीच टाकून गावी आलो.

हे छाप. माझं नाव पूर्ण लिही, लेव्हिसन जेरे, गावासकट. पाऊस ओसरला की ईस्टरला येतो आणि त्याच्यासमोर उभा राहतो.
जमलं तर माया ठेव.

मासाला, एन्डोला
दि. १ एप्रिल

ती. जेरे आजोबांना सा. न. वि. वि.

ईस्टरची वाट बघू नका. मिळेल ती बस पकडा. आजोबांना आता बसूनच झोपावं लागतं.

माझं चुकलं. मला वाटलं त्यांना आनंद होईल, म्हणून तुमचं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, त्या मूर्खाला एवढंही झाकून ठेवता आलं नाही. मी म्हटलं की आता सगळ्यांना खरं कळेल, तुम्हाला कोणी वीतभर म्हणणार नाही. तर माझा हात धरला, घट्ट, कुठून जोर आला कोण जाणे. म्हणाले, यातलं एक अक्षर छापायचं नाही. लेव्हिसन माझा थट्टेचा भाऊ आहे. त्याला हसायचा हक्क माझा, तो मी सगळ्या देशाला वाटणार नाही.

मी रडले, भांडले. शेवटी वचन दिलं. मग म्हणाले, त्याला लिही, चोवीस वर्षांच्या शिव्या साठल्यात, लवकर ये म्हणावं, नाहीतर वाया जातील.

या हो. लोभ बिभ नंतर, आधी या.
मपालो

चिपाटाजवळ
दि. २० एप्रिल

चि. मपालो हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मला परतल्यावर मिळालं. ब्राइटवेल गेल्याचं मी रेडिओवर ऐकलं होतं, मृतांची नावं वाचतात त्यात. मका तसाच टाकून निघालो.

मयतीत तू मला पाहिलंस. थट्टेच्या भावाचं काम काय असतं हे तुझ्या पिढीला माहीत असेल नसेल. बाकीच्यांनी रडायचं, त्यानं हसवायचं. कबरीच्या खड्ड्यात आडवं व्हायचं आणि म्हणायचं, ही जागा माझी आहे, माकडाला झाडावर ठेवा. मी बसमध्ये दोन दिवस तेच घोकत होतो. खड्ड्यात उतरलो, आडवा झालो. वर सगळे हसायला थांबलेले. तुझी आत्या ओरडली, उंदरानं जीभ खाल्ली का रे? आणि मला रडू फुटलं. पोरांनी हात धरून वर काढलं. मयतीत थट्टेचा भाऊ रडल्याचं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नाही. त्याचं हेही शेवटचं काम मी बिघडवलं.

आता तरी छाप. तो गेला, अडवणारा कोणी नाही. मी तुझ्या पाया पडतो.
लेव्हिसन जेरे

मासाला, एन्डोला
दि. २५ मे

ती. जेरे आजोबांना सा. न. वि. वि.

ओपन काल संपली. सोबत स्मरणिका पाठवतेय. पान एकतीस बघा आणि माझ्यावर रागवा. पण इथं येऊन रागवा.

दोन्ही मजकूर टाइप केले होते. तुमचा आधी, गावासकट. छापखान्याच्या दारापर्यंत तोच हातात होता. मग दुसरा दिला: ब्राइटवेल कसोंडे, आघाडीवर असताना चेंडू स्वतः उचलल्यामुळे बाद. सेक्रेटरींचं गमतीचं वाक्य मात्र टाकलं नाही, त्यावर खूप बोलणी खाल्ली.

मला वाटलं होतं, वचन पाळलं की हलकं वाटेल. काल मी तंबूच्या दाराशी उभी राहून स्मरणिका वाटत होते. दोन पाहुण्यांनी तिथंच पान उघडलं. एकानं मोठ्यानं वाचलं आणि दोघं हसले. काय बावळट असेल हा, एक म्हणाला, आणि मला विचारलं, कोण गं हा, इथलाच का? मी म्हटलं, हो, इथलाच. आणि त्यांच्याबरोबर हसले.

जेरे आजोबा, मला तेवढं एकदाच करायचं होतं तरी उरलेल्या स्मरणिका तिथंच टाकून मी घरी निघून आले. आमचे आजोबा चोवीस वर्षं रोज त्याच मैदानावर जायचे.

मका निघाला असेल. पुढच्या महिन्यात या, माझ्या खोलीत राहा. या घरात खरं माहीत असलेली मी एकटीच उरलेय, आणि मला कोणाशी तरी बोलायचंय.

लोभ आहे, तो तुटू देऊ नका.
तुमची,
मपालो