रखमाजींची दाढ

३ डिसेंबर
नारायणगावात आले आणि जीव भांड्यात पडला. दवाखाना लख्ख, खोलीच्या खिडकीतून द्राक्षबाग दिसते आणि जबड्याचं सगळ्या बाजूंनी चित्र काढणारं स्कॅन मशीन कोरं करकरीत. माझा प्रबंध अक्कलदाढांवर आहे : मुळं किती, त्यांच्या आतल्या नसांच्या वाटा कुठं वळतात. पुण्यात मशीनसाठी ताटकळावं लागे, इथं मीच राणी. मशीनला नमस्कारसुद्धा केला, हसा खुशाल.

५ डिसेंबर
आज घबाड मिळालं! बोरी बुद्रुकचे रखमाजी दाढ काढायला आले, सोबत बायको प्रयागबाई. स्कॅनमध्ये दाढेला पाच मुळं, आतल्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या. अशी दाढ मी पुस्तकातही पाहिली नव्हती. निघालीही अख्खी. मग रखमाजींनी ती मागितली. त्यांच्या घरात पडलेला दात जपून ठेवतात आणि माणसासोबत सरणावर देतात. म्हणाले, आमच्यात माणूस पुरं जातं, बाई. मी सांगितलं, चुरा झाला, कचऱ्यात गेली. दाढ माझ्या खिशातल्या बाटलीत होती. जाऊ द्या, तुमचा काय दोस, असं म्हणून म्हाताऱ्यानं माझीच समजूत काढली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी दाढ दिली नाही.

१२ डिसेंबर
रखमाजी गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. तिरडी उठायच्या आत दाढ नेऊन द्यायला हवी होती. गाडीची किल्ली घेतली, पण सगळ्या भावकीसमोर काय सांगू म्हणून परत बसले. लिहायलाही लाज वाटते : दुपारी त्याच दाढेचे फोटो प्रबंधाच्या सरांना पाठवले.

२१ डिसेंबर
आज कुकडीच्या घाटावर रखमाजींचा दहावा झाला. कावळा पिंडाला शिवेना. लेकांनी नाना कबुल्या दिल्या, शेवटी दर्भाचा कावळा शिववून उरकलं. प्रयागबाई घाटावरून थेट दवाखान्यात आल्या. त्यांच्या लई मनात व्हती ती दाढ, डाक्टरीणबाई, कचऱ्यात येकदा बघाल का, म्हणाल्या. मी पुन्हा खोटं बोलले. त्यांच्याकडे बघवेना.
त्या गेल्यावर बाटली काढली. झाकण घट्ट होतं. आत नुसतं पाणी.

२२ डिसेंबर
उजवा गाल सुजलाय. स्वतःचं स्कॅन केलं. पाच मुळं. त्याच गुंतलेल्या वाटा. माझ्या जबड्यात.

२३ डिसेंबर
मुळं गळ्याकडे उतरतायत. दाढ चिमट्यानं ओढून पाहिली — हलत नाही. कुणाला दाखवू? पहिला प्रश्न येईल — ही कुणाची —

२४ डिसेंबर
खिडकीत कावळे. सकाळपासून. ओरडत नाहीत. गालाकडेच बघतात —
प्रयागबाई आल्यात. हातात भाताच्या पिंडाचा द्रोण. खरं सांगायला गेले, तर दातखीळ. इथंच लिहून त्यांच्यापुढे धरलं : दाढ मीच चोरली. त्यांना वाचता येत नाही.
गालावरून हात फिरवतायत, नवऱ्याच्याच गालावरून फिरवावा तसा. रडतायत. रागावत का नाहीत —
त्यांनी द्रोण माझ्या हनुवटीखाली धरला. खिडकी उघडली. हळूच म्हणतात, डाक्टरीणबाई, जरा तोंड उघडा —
दातखीळ सुटतेय. मी उघड