चुलीवर वाळत घातलेलं जस्त

आई, नातीच्या पुस्तकात जस्तावर धडा आहे आणि तो मी तिला पुस्तक न उघडता शिकवला. शाळेत मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पण जस्ताची भुकटी शिकले ती तुझ्याकडून, श्रीवर्धनजवळच्या आपल्या घराच्या मागच्या पडवीत. स्वातंत्र्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. लुगडी रंगवायला जमिनीत पुरलेला निळीचा रांजण, त्यात चुना, आणि मुंबईहून आलेली ती राखाडी पूड. दिसायला चुलीतली राख, उचलायला मात्र भलती जड. ती पडली की रांजणात बुडबुडे येतात, निळं पाणी हिरवट-पिवळं होतं, आणि लुगडं बाहेर काढून वाऱ्यावर धरलं की तुझ्या हातातच पुन्हा निळं होत जातं. बुडबुड्यांतला वायू पेट घेतो म्हणून तिथे तू कोणाला विडी ओढू देत नव्हतीस. पूड काढताना नाकावर पदर आणि हात कोरडा ठणठणीत. का म्हणून विचारलं, तर शहाणपणा पुरे, पदर घे, एवढंच उत्तर.

आपल्याकडे पावसाळ्यात ओल लागलेली प्रत्येक वस्तू चुलीवरच्या कामट्यांच्या ताटीवर जायची. मीठ, सुपारी, काड्यापेट्या, आजोबांच्या वहाणासुद्धा. त्या श्रावणात मोठ्या काकूला पुडीच्या डब्यात ओलसर गठळ्या दिसल्या. तुला मदत व्हावी म्हणून तिने बिचारीने डबा ताटीवर नेऊन ठेवला. दुपारी त्याचं झाकण उडालं. निळसर-हिरवी ज्योत, पांढराफटक धूर आणि हवेत कापसासारखी तरंगणारी पांढरी राख. पेटती पूड खाली जमिनीवर सांडली, तसा आजोबांनी पाण्याचा हंडा उचलला.

आणि तू त्यांचं मनगट धरलंस. ज्या सासऱ्यांसमोर तू कधी मान वर करून बोलली नव्हतीस, त्यांचं. मग चणे भाजायची कोरडी वाळू हळूहळू त्या आगीवर पसरलीस, पूड जराही उडू न देता. घर वाचलं. धूर गिळलेल्या काकूला संध्याकाळी हीव भरून ताप आला, दुसऱ्या सकाळी तो आपोआप उतरला.

त्याच सकाळी आजोबांनी रांजण फोडायचा हुकूम दिला. रांजण म्हणजे तुझं सगळं होतं. तो गेला असता तर तू त्या घरात नुसती भाकऱ्या थापत राहिली असतीस. वडील खाली बघत उभे. तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "मामंजी, काल पानी पडलं असतं तर आग अजून भडकली असती. जाऊबाईंचा दोष न्हाय. पुडीचा गुण मी घरात कुनाला सांगितलाच न्हाय, तो दोष माझा. रांजन फोडू नका. मला सांगू द्या."

 आजोबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "सांग."

तू सगळ्यांना सांगितलंस: ओल लागली की ही पूड आतून तापते, ती कोरड्या जागी घट्ट झाकून ठेवायची, पेटली तर पाणी नाही, वाळू. काकू पुढे तुझ्या बरोबरीने रांजणाशी बसू लागली. तुमची लुगडी बोर्ली पंचतनच्या बाजारात जात राहिली. मी नंतर कितीतरी चांगले शिक्षक पाहिले, पण त्या ओट्यावरच्या तासाच्या जवळपास कोणी आलं नाही.

ही गोष्ट मी प्रत्येक वर्गाला सांगितली, परवा नातीलाही. आई जराही घाबरली नव्हती, असंच सांगते. पण त्या दिवशी आग विझल्यावर मी मागच्या पडवीत आले होते. तू रांजणाला टेकून बसली होतीस, हात इतके कापत होते की तांब्या ओठांशी नेता येत नव्हता. तुझ्याजवळ यावंसं खूप वाटलं, पण तुला ते आवडणार नाही असं वाटून मी आल्या पावली परतले. हे कोणाला सांगितलेलं नाही, आणि हे पत्रही कोणाला दाखवणार नाही. पण आई, मला धीर आला तो तुझे ते हात बघून.