टावर चौकातील लेझीम-प्रकरणी अहवाल

उज्जैन, ता. ३१ ऑगस्ट १९९५

तीर्थरूप भय्यामामांच्या चरणी सुधाकरचा नमस्कार. इंदूरला झालेल्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची पट्टी सुटली असेल आणि डॉक्टरने तिथल्या शेव-जिलबीला तरी मनाई केली नसेल, अशी आशा आहे. (पत्र मामीच वाचून दाखवणार, तेव्हा त्यांनाही नमस्कार.)

यंदा विसर्जनाच्या मिरवणुकीत मुलींचं लेझीम पथक टावर चौकातून न्यावं की नाही, याचा निकाल आपण मंडळाचे अध्यक्ष म्हणून देणार आणि त्याआधी लोकांचं मत मी कळवायचं, असं ठरलं. पथकाची प्रमुख आमची मुक्ता, म्हणून मी अगदी तटस्थ राहिलो. चार दिवसांत अकरा घरी गेलो, अकरा घरचे पोहे खाल्ले, पोट बिघडलं. सचिव सुहासरावांनी ‘काही शंका व्यक्त केल्या’. (म्हणजे ‘पोरी चौकात नाचणार? मेरी लाश पर से’ असं ओरडले. त्यांच्या पाठीमागे टीव्हीत केबलवर पोरीच नाचत होत्या आणि सगळं घर जेवता जेवता पाहत होतं, पण ते अहवालात कसं घालणार?) फ्रीगंजच्या अक्कांनी ‘तत्त्वतः पाठिंबा’ दिला. (चाल जरा हळू ठेवा, मलाही यायचंय, म्हणाल्या. वय एक्क्याऐंशी.) बाकी सगळ्यांचं म्हणणं, भय्यासाहेब बोलतील तसं.

काल मुक्ताने विचारलं, “बाबा, सगळ्यांचं लिहिलंत. तुमचं काय मत?” मी म्हणालो, दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत. ती “बरं” म्हणाली आणि उठून गेली. पोरीने दोन महिने सतरा जणींना शिकवलंय, हाताला घट्टे पडलेत. तेव्हापासून मला चैन नाही.

आपला,
सुधाकर

ता. क. मामा, परवानगी द्या. एवढंच मागतो.

आणखी ता. क. मी शब्द टाकला हे मात्र कुणाला कळू देऊ नका. सुहासरावांशी रोजचं उठणं-बसणं आहे.

शेवटचा ता. क. पत्र मुक्ताकडे टपालात टाकायला दिलं, तर अंतर्देशीय चिकटवायचंच राहिलं होतं. तिने वाचलं. परत आणून टेबलावर ठेवलं. मामा, मला फार लाज वाटली. वरचं ‘कुणाला कळू देऊ नका’ खोडणार होतो, पण तिने वाचल्यावर आता खोडून काय उपयोग? तेव्हा निकालात स्पष्ट लिहा की मागणी मुक्ताच्या वडिलांची होती. सुहासरावांना मी आत्ताच जाऊन सांगतो, आपला निकाल काहीही लागो.