ॲडव्हर्स

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

मी बरा आहे. तू आणि भावजीही बरे असाल.

आज दुकानात गेलो नाही. सकाळी हॉस्पिटलमधून बाबांचं सामान घेऊन आलो. चष्मा, कवळी, पट्टा आणि घरून नेलेली उशी. चष्म्याची एक काडी सैल झाली होती, ती आल्या आल्या आवळली. चष्म्याच्या दुकानात काम करतो म्हटल्यावर हात तिकडेच जातो. मग अभ्रा धुतला, दोरीवर टाकला. दुपारी जेवलो. शेजारच्या काकूंनी डबा दिला होता.

परवा रात्री तुला फोन लावला होता, तू उचलला नाहीस. मग ‘कंडिशन क्रिटिकल’ असा मेसेज टाकला. तुझं ‘ओके’ आलं. मला राग नाही आला, ताई. आपल्याच घरची भाषा मी तुला पाठवली होती, तू त्याच भाषेत उत्तर दिलंस.

आठवतं का, आपल्याकडे दूध नासायचं नाही, एक्स्पायर व्हायचं. कप फुटायचा नाही, डॅमेज व्हायचा. बाबा म्हणायचे, वाईट शब्द आपल्या भाषेत उच्चारला की तो घरातच मुक्काम ठोकतो. इंग्रजी शब्द पाहुण्यासारखा, आला तसा जातो. तू मला मुक्या म्हणायला लागलीस तेव्हा त्यांनी ‘सायलेंट म्हण’ असं सुचवून पाहिलं होतं. तू ऐकलं नाहीस. त्या घरात टिकलेला तेवढाच एक वाईट मराठी शब्द, आणि तो माझ्या वाट्याला आला.

त्यांचा आवडता शब्द मात्र ऑफिसातला होता. दिवसभर साहेबांनी लोकांवर मारलेले शेरे टाइप करायचे, ॲडव्हर्स रिमार्क, म्हणजे प्रतिकूल शेरा. संध्याकाळी तो शब्द घरी आणायचे. ‘आज भाजी ॲडव्हर्स आहे.’ त्यावर आई म्हणायची, ‘मग बदली करा तिची, मुक्याच्या ताटात.’

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहितोय, कारण मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टर बाबांच्या समोरच मला म्हणाले, ‘रिस्पॉन्स पुअर आहे.’ ते गेल्यावर बाबा हसले.

‘मुक्या, हे मराठीत सांग बघू.’

‘बरं वाटेल तुम्हाला.’

‘हे भाषांतर चुकलं,’ ते म्हणाले. मग तुझा विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘ती लग्नाचं सांगायला आली होती ना, त्या दिवशी मी नुकताच तुझ्या आईचा रिपोर्ट घेऊन आलो होतो.’

‘कुठला रिपोर्ट?’

‘गाठीचा. बूटसुद्धा काढले नव्हते. ही समोर उभी. बाबा, आम्ही लग्न करतोय, तुमचं काय म्हणणं आहे, बोला ना काहीतरी. माझ्या डोक्यात तो एकच शब्द होता. तोच बाहेर पडला.’

ॲडव्हर्स. मीही ऐकला होता तो, आतल्या खोलीत. तू तो भावजींवर मारलेला शेरा समजलीस. मीही तेच समजलो. तू तशीच पिशवी भरून निघालीस.

मी म्हटलं, ‘अहो, मग तिथेच सांगायचं ना तिला!’

‘काय सांगायचं? तुझी आई ओट्याशी उभी होती. तिलाही सांगितलं नव्हतं. आणि ते मराठीत म्हणावं लागलं असतं.’

‘आणि नंतर?’

‘नंतर तुझ्या आईचंच सुरू झालं. ती गेल्यावर सांगितलं असतं, तर पोरगी म्हणाली असती, आता कारणं देताय.’ थोडा दम घेऊन म्हणाले, ‘वेल्डर आहे म्हणून नाही रे. आमच्या ऑफिसचं फाटक त्यानेच जोडलं होतं. मी रोज बघायचो, सांधा कुठे आहे ते कळायचं नाही. मला आवडला होता तो. तिला कळव हे. पण मराठीत लिही.’

आईच्या वेळी तू आलीस आणि बाबांकडे न बघता परत गेलीस. ते दारापर्यंत तुझ्या मागे आले होते. तुझी पाठ होती, तुला दिसलं नसेल.

तू आता काय करावंस हे मी सांगत नाही. शब्द तुझ्यासाठी नव्हता, एवढंच तुझ्यापर्यंत पोचायला हवं होतं. भावजींनाही सांग. फाटकाचं आवर्जून सांग.

इथे लिहायचं थांबून चहा करायला उठलो होतो. बाबांसाठी आणलेलं दूध फ्रीजमध्ये तसंच राहिलं होतं. पातेल्यात तापत ठेवलं आणि ते फुटलं. सवयीने तोंडात एक्स्पायर आलं. थांबलो. मग मोठ्याने म्हणालो, नासलं. घरात कुणी दटावलं नाही.

ताई, बाबा वारले. काल पहाटे. मी जवळ होतो, हात माझ्या हातात होता. हॉस्पिटलच्या कागदावर दुसरा शब्द आहे, तो मी तुला पाठवणार नाही.

चहा राहिलाच. आता हे पाकीट बंद करतो, नासलेलं दूध ओतून देतो आणि पातेलं घासून पालथं घालतो.

तुझाच,
मुक्या