सौ. नाही, श्रीमती नाही

आई, तेव्हा बाबा जाऊन महिना झाला होता. पक्षाचे आपल्या भागातले अध्यक्ष घरी आले तेव्हा तू विळीवर दुधी चिरत होतीस. बाबा नगरसेवक होते, त्यांची जागा रिकामी झाली होती आणि पोटनिवडणूक लागणार हे तोवर सगळ्या बिल्डिंगीला कळलं होतं. अध्यक्ष चहा घेता घेता म्हणाले, "वहिनी, तिकीट तुमचंच. तुम्ही काही करायचं नाही. नुसतं उभं राहायचं. लोकांची सहानुभूती आहे." तुझी समजूत घालावी लागेल अशा तयारीने ते आले होते. तू म्हणालीस, "उभी राहते. पण काही करायचं नाही म्हणजे काय?" ते हसले. त्यांना तो विनोद वाटला. ते गेल्यावर तू विळी पुढे ओढलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मला व्हायचंय गं नगरसेवक." नवरा गेल्यावर बाईला काही व्हावंसं वाटतं, हे आपल्या घरात मोठ्याने बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून तू हळू बोललीस. मला नवल वाटलं नाही. बाबा बाहेर फिरत आणि घरी आलेल्या माणसांचं गाऱ्हाणं तू ऐकून घ्यायचीस. पाण्याचे, गटाराचे, दिव्यांचे अर्ज तूच लिहायचीस, खाली सही बाबांची. पण मी तेव्हा बाबांच्या चपलाही दारातून उचलू देत नव्हते.

भाईंदर स्टेशनजवळच्या छापखान्यात आपण पोस्टरचा नमुना बघायला गेलो, तो दिवस मला अजून दिसतो. वर बाबांचा हार घातलेला मोठा फोटो, खाली तुझा लहान, आणि त्याखाली "कै." लावून बाबांचं नाव, "यांच्या पत्नी", मग "सौ." लावून तुझं. छापखानेवाल्याने हळदीकुंकवाच्या जुन्या बॅनरवरून नाव जसंच्या तसं उचललं होतं. अध्यक्ष त्याच्यावर ओरडले, "अरे, सौ. काय? श्रीमती कर, श्रीमती!" सगळे खाली बघायला लागले. तू त्याच्या खिशातलं पेन घेतलंस, "सौ." खोडलंस आणि म्हणालीस, "श्रीमतीपण नको." तो बिचारा गोंधळला. "मॅडम, आगे कुछ तो डालना पड़ेगा. जगह खाली दिखेगी." तू म्हणालीस, "दिखने दो. इलेक्शन खाली जगह का ही है." मग तू "यांच्या पत्नी"ही खोडलंस. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. "वहिनी, तुम्हाला ओळखतो कोण? मत साहेबांना आहे." तू म्हणालीस, "मग साहेबांनाच उभं करा." शेवटी बाबांचा फोटो राहिला, पण कोपऱ्यात. तुझ्या नावापुढे काही राहिलं नाही. एक शब्द नवरा आहे म्हणून सांगतो, दुसरा नाही म्हणून सांगतो. तुझ्याबद्दल दोन्ही काहीच सांगत नाहीत. हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं. तुला ते उभ्या उभ्या कळलं होतं.

राई गावात देवळासमोर सभा आहे. तू माइकपाशी उभी आहेस आणि अध्यक्ष मागून कुजबुजतायत, "वहिनी, थोडं गहिवरलात तरी चालेल." तू बोलायला सुरुवात करतेस तोच पुढे बसलेली एक म्हातारी उठते. "बाय, तुजा घो गेला, लय वायट झाला. पन त्यानं सांगलेला नल न्हाय आला." तिला चारीकडून गप्प करतात. तू म्हणतेस, "बोलू द्या त्यांना. खरं आहे. यांनी कबूल केलं होतं, झालं नाही. मी नळ आणीन असं आज म्हणत नाही. मागे लागेन, आणि काय झालं ते इथे येऊन सांगेन. नाही झालं तर तेही सांगेन." म्हातारी कमरेवर हात ठेवते. "निसता सांगून तान भागते काय गो?" सभा हसते. आणि तूही हसतेस, दात दिसतील इतकी. अध्यक्षांचा चेहरा मी तेव्हा बघितला. परतताना रिक्षात ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही हसलात. तिथेच राई गेली आपली." तू बाहेर बघत म्हणालीस, "तिला प्यायला पाणी नाही, भाऊ. तिच्यासमोर मी कशाबद्दल रडू?"

मतदानाच्या सकाळी जिन्यात शेजारच्या गुजराती काकी भेटल्या. "भाभी, भाई के लिए तो देना ही है," त्या म्हणाल्या. तू थांबलीस. "भाई के लिए मत दीजिए. मुझे देना है तो दीजिए." त्यांना काही कळेना. "एक ही बात है ना?" तू मान हलवलीस, "नहीं." मी तुझा पदर ओढला. दारात आलेलं मत कुणी असं परत पाठवतं का, असं मला वाटलं होतं.

तू हरलीस. थोडक्यात नाही, चांगलीच. मतमोजणीच्या हॉलबाहेर अध्यक्ष म्हणाले, "एकदा रडला असतात तर सीट निघाली असती." घरी मामी म्हणाली, बरंच झालं, बायकांनी कशाला त्या भानगडीत पडायचं. तू कुकर लावलास, पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "पडली तेवढी मतं माझी आहेत. एकही उसनं नाही." तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं त्याला मी समाधान म्हणणार नाही. तुला ती खुर्ची खरोखर हवी होती. पण तू ताठ उभी होतीस. पुढच्या आठवड्यात तू राईला गेलीस, कारण काय झालं ते येऊन सांगेन असं म्हणाली होतीस. "परलीस तरी आयलीस?" म्हातारीने विचारलं आणि तुला ओट्यावर बसवून घेतलं. त्यानंतर किती तरी अर्ज तू लिहिलेस, खाली सही तुझी.

ते वाक्य तू शेवटपर्यंत म्हणत राहिलीस. पाहुण्यांपुढे, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईपुढेही: "माझं एकही मत उसनं नव्हतं, विचारा हिला." आणि मी हो म्हणायचे. आई, ते माझं पहिलं मत होतं. मशीनपुढे उभी राहिले तेव्हा तुझं नाव मी वाचलंच नाही. शेजारी चिन्ह होतं, बाबा खांद्यावर घेऊन गल्लीगल्लीतून फिरवायचे ते. मी बाबांसाठी बटण दाबलं. हे पत्र पाठवण्यासारखं नाहीच; पण पाठवता आलं असतं, तरी ही शेवटची चार वाक्यं मी खोडून टाकली असती.