बदलीचा व्हिसा

कोल्हापूर,
१२ फेब्रुवारी २००१

चि. प्राचीस अण्णाचे आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. तुझी आई मला बोलते आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. गुऱ्हाळं सुरू आहेत. दुपारी वारा फिरला की घरभर काकवीचा वास येतो आणि मला बसल्या जागी डुलकी लागते. काल डुलकीत रंकाळ्यावर अमेरिकेचं विमान उतरलं. बदकांनी सरकून जागा दिली. कंडक्टर ओरडत होता, "शिकागो, नेसरी, आजरा, कोल्हापूर!" मी खिडकीतून रुमाल टाकून तुझी जागा धरली. परतीची.

तू विचारलं होतंस, कंपनी बदलीवर पाठवते तो व्हिसा घेऊ, की दुसरा, कामाचा? बदलीवर गेलीस तर कंपनी सोडताच देशही सोडायचा. दुसऱ्यात दुसरी कंपनी धरता येते, पुढं राहताही येतं. मी उलट टपाली लिहिलं, "बदलीच घे, सुरक्षित." पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाचा सल्ला! मला बदली एवढीच ठाऊक: आजऱ्याला टाकलं, तरी शनिवारच्या एसटीनं माणूस घरी.

व्हिसासाठी तू मागितलेल्या जन्मदाखल्याचं सांगायचं राहिलं. त्यावर तुझं नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी'. बारशानंतर नाव कळवायला मी जाणार होतो. राहून गेलं. सव्वीस वर्षं. महापालिकेतले केरबा म्हणाले, "पावणं, पोरगी इमानात बसाय निघाली आन् तुमी आत्ता बारसं घालताय व्हय?" पण चार दिवसांत नाव चढवून दिलं.

ही तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट.

तुला मात्र फोनवर 'अजून मिळाला नाही' म्हणत आलो. कंपनीच्या वकिलाकडं कागद द्यायची शेवटची तारीख वीस, हेही ठाऊक होतं. दाखला माझ्या उशीच्या अभ्र्यात होता. त्यावर झोप छान लागायची. स्वप्नंही तिथूनच येत असावीत.

आज आईनं अभ्रा धुवायला काढला. दाखला वाचला, मग माझ्याकडं बघितलं.

"पोरीला नाव दिलासा, आन् उशाखाली दाबून ठेवलासा व्हय?"

मी उठून पाकीट शोधलं आणि हे पत्र लिहायला बसलो.

दाखला सोबत आहे. कुरिअरवाला परवा पोचवतो म्हणाला. मागचं पत्र फाडून टाक. दुसराच व्हिसा घे.

रुमाल मी उचललाय.

तुझ्या दाखल्यावर 'वडील' या रकान्यात असलेला,
अण्णा